उजव्या गालावरचं लिंबू

इस्लापूरच्या आरोग्य उपकेंद्रात माझी नर्स म्हणून बदली झाली, त्या वर्षी एक बाई आपल्या लेकीला घेऊन आली. पोरीच्या हनुवटीपासून गळ्यापर्यंत एक तपकिरी ओघळ उतरला होता. आईच्या मते ती करणी होती. कुणी मलम दिलं होतं, कुणी अंगारा लावला होता, आणि डाग होता तिथंच होता. मी पोरीला एवढंच विचारलं, "लिंबू लावून उन्हात कधी बसलीस?"

पोरगी माझ्याकडे पाहतच राहिली. आठ दिवसांखाली, म्हणाली. तिच्या आईनं मला हात जोडले, जणू माझ्या अंगात काही आलं होतं. मला हसू आलं. अंगात वगैरे काही नाही. असाच डाग मी माझ्या स्वतःच्या तोंडावर वागवला होता, आणि त्या डागानं माझी नोकरी जवळजवळ घालवली होती. गेली नाही, हे आधीच सांगून टाकते. ही हकिगत मला रडत सांगायची नाही.

तेव्हा लातूर नवा नवा जिल्हा झालेला. त्याआधी कसल्याही कागदासाठी उस्मानाबाद गाठावं लागायचं. आता औशाला जाऊन गाडी बदलली की तासाभरात जिल्ह्याचं ठिकाण. कचेऱ्या भाड्याच्या घरांत, पाट्यांचा रंग ताजा, साहेब लोकांना कुठली खोली कुणाची तेही नीट ठाऊक नाही. पण नव्या जिल्ह्यात नव्या जागा निघतात, एवढं आमच्या वस्तीतल्या पोरापोरींनी ओळखलं होतं. दहावी पास झाल्यावर मी नर्सच्या ट्रेनिंगचा अर्ज केला आणि मुलाखतीचा कागद आला. वस्तीत मुलाखतीचा कागद आलेली मी पहिलीच मुलगी. मायनं तो कागद विहारात नेऊन चार जणींना दाखवला आणि मग तांदळाच्या डब्यात ठेवला. तांदूळ नव्हतेच, त्यामुळे डबा रिकामाच होता.

कारण जिल्हा नवा असला तरी दुष्काळ जुनाच होता. सलग दुसरं वर्ष पाऊस नव्हता. विहिरींनी तळ दाखवला होता आणि माझा बा त्या तळात होता. तो विहिरी खोल करायचं काम करी. सुरुंग लावायचा, दगड फोडायचा, वर पाठवायचा. दुष्काळात सगळ्यांची कामं जातात, बाची वाढली. मी आणि माय मात्र रोजगार हमीवर, गावाबाहेरच्या पाझर तलावाच्या कामाला. माय टोपल्या वाहायची, मी बसून दगड फोडायचे.

त्या कामावर गावातली सगळी माणसं होती. ज्यांच्या शेतात आम्ही खुरपायला जायचो ते शेतकरीसुद्धा तिथंच, आमच्याच ओळीत. पिण्याच्या पाण्याच्या पिंपावर एक शेतकरीण बसायची. चांगली दहा-बारा एकरांची मालकीण, पण त्या वर्षी तिच्या रानात कुसळंसुद्धा उगवली नव्हती. आम्ही तिला पाणीवाली काकू म्हणायचो. ती मनानं मोकळी होती, बोलायला फटकळ आणि द्यायला उदार. फक्त पाणी देताना ती ओंजळीत वरून धार धरायची, आणि आमच्या वस्तीतल्यांसाठी ती धार जरा जास्तच उंचावरून यायची. तिला त्यात काही वावगं वाटत नसावं. मला वाटायचं, पण तहान लागलेली असायची.

टँकरच्या पाण्याला शेवाळाचा आणि गंजाचा वास येई. म्हणून काकू तिच्या परसातली लिंबं आणून पिंपात पिळायची. भांड्याकुंड्याच्या पाण्यावर तगलेलं तेवढं एकच झाड तिच्याकडे हिरवं होतं. पिळलेल्या साली ती पिंपाशेजारी टाकायची, आणि दुपारच्या सुट्टीत बाया त्या उचलून हाताला, कोपराला, टाचेला चोळायच्या. दुष्काळात काही फेकून देण्याची रीतच नव्हती.

मुलाखतीला पंधरा दिवस होते आणि माझ्या डोक्यात एकच किडा. नर्स म्हणजे पांढरी साडी, पांढरी टोपी. त्यात उन्हानं करपलेलं माझं तोंड कसं दिसेल? माय म्हणाली, "नर्स काय तोंड बघून घेत्यात का?" मायचं तेव्हाच ऐकायला हवं होतं. पण एका दुपारी काकूनंच माझ्या हातावर ताज्या दोन साली टाकल्या. "घे, चोळ तोंडाला. उजळशील. मुलाखतीला जायचंय ना?"

प्रेमानंच म्हणाली. मी त्या साली मुठीत चुरगाळल्या आणि हाताला लागलेला रस चार बोटांनी तोंडभर ओढला. कपाळावर, डाव्या गालावर, उजव्या गालावर. थोडं चुरचुरलं. चुरचुरलं म्हणजे काम करतंय, अशी तेव्हा माझी समजूत होती. ती समजूत आजही बायांमध्ये जशीच्या तशी आहे आणि तिच्यावर माझा फार राग आहे.

आता तोंड धुवायला हवं होतं. पण पिंपातलं पाणी पिण्याचं. त्यानं तोंड धुतलं असतं तर मुकादमानं हजेरी कापली असती, आणि त्याच्याही आधी बायांनी मला फाडून खाल्लं असतं. मी पदरानं पुसलं आणि परत दगडांपाशी बसले. कपाळावर रुमाल बांधलेला होता, डाव्या गालावर पदर ओढलेला होता. उजवा गाल उघडा, आणि संध्याकाळपर्यंतचं ऊन बरोबर त्याच बाजूला.

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही फारसं नाही, जरा लालसर. तिसऱ्या दिवशी सकाळी गाल पेटला. फोड आले. शेजारणीनं सांगितलं, खायचा सोडा लाव, थंड पडतं. मी सोडा कालवून लावला. थंड पडायचं बाजूलाच राहिलं, फोडांची सालं निघाली आणि आतलं लाल मांस उघडं पडलं. मग एक जण दंतमंजन सांगायला आली, दुसरी चुना घेऊन आली. मायनं दोघींना उंबऱ्यातूनच वाटेला लावलं आणि माझ्या गालावर ओलं स्वच्छ फडकं ठेवलं. घरातल्या पिण्याच्या तांब्यातलं पाणी तिनं त्यासाठी वापरलं. त्या दिवसांत मला मिळालेला तेवढा एकच शहाणा उपचार.

आठवड्यानं गाल सुकला आणि खाली काय राहिलं होतं ते दिसलं. उजव्या गालावर कानापासून ओठाकडे चार तपकिरी पट्टे. अगदी ठसठशीत. बोटं मोजून घ्यावीत असे.

आणि गावानं मोजली. "कुणी मारलं गं?" पहिल्या दिवशी चार जणींनी विचारलं. दुसऱ्या दिवशी कुणी विचारलंच नाही, कारण उत्तर गावानं आपलं आपण काढलं होतं. पोरगी शिकायला शहरात जायचं म्हणते, बापाला पसंत नाही, बापानं दिली ठेवून. बा दगड फोडणारा माणूस, हात हा एवढा. कुणालाही पटावं असंच होतं.

मी जीव तोडून सांगायचे की लिंबानं झालं. कामावर सगळे हसायचे. पाणीवाली काकू तर सगळ्यात जास्त. तिनंच साली दिल्या होत्या, तिच्या डोळ्यांदेखत मी लावल्या होत्या, तरी ती म्हणाली, "लिंबानं कुणाचं तोंड जळतंय व्हय? मी लिंबं खात खात म्हातारी झाले. बापाला झाकतीस, झाक. लेकीनं झाकावंच."

मला इतका संताप आला की हातातला हातोडा बोटावर बसला. बाप लेकीला मारतो, हे गावाला ऐकताक्षणी खरं वाटलं. लिंबू कातडी जाळतं, हे मात्र पटत नव्हतं. माझा बा गरीब होता, कमी बोलायचा, पण त्यानं आयुष्यात मला बोट लावलं नव्हतं. कळायला लागल्यापासून त्यानं मला हात लावलेला आठवतच नव्हता, मारायलाही नाही आणि गोंजारायलाही नाही. गावातली बोलणी त्याच्या कानावर गेली होती. त्यानं पारावर बसायचं तेवढं सोडलं.

मी विचार करू लागले. रस तर मी तोंडभर लावला होता. मग कपाळ कसं सुटलं? डावा गाल कसा सुटला? आरशाचा तुकडा घेऊन मी दारात बसले आणि मान वळवून पाहिलं. चार पट्ट्यांखाली मानेवर एक बारीक ओघळ होता, झंपरच्या काठापर्यंत आलेला, आणि काठाशी कापल्यासारखा थांबलेला. थपडेचा कधी ओघळ येतो का? आणि आला तरी तो कापडाला घाबरून थांबेल का? जिथं कापड होतं तिथं काही नव्हतं. जिथं ऊन पोचलं तिथंच डाग होता.

मग मी एक वेडेपणा केला. पुढं नर्स म्हणून आयुष्यभर मी ज्या पोरींना हाताखाली शिकवलं त्यांतल्या एखादीनं असं केलं असतं तर मी तिला उभं आडवं घेतलं असतं. मी सालीचा थेंबभर रस डाव्या हातावर दोन ठिकाणी लावला, चिंचोक्याएवढा. एका ठिकाणी वर जाड फडक्याची पट्टी बांधली. दुसरं उघडं ठेवलं आणि दिवसभर दगड फोडले. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली. पट्टीखाली हात जसाच्या तसा. उघड्या जागी लाल चट्टा आणि मधोमध बारका फोड.

त्या फोडाकडे बघून झाला तेवढा आनंद पुढं मला बक्षिसांनीही दिला नाही. मी पळत बाच्याकडे गेले. तो विहिरीवरून येऊन पाय धूत नव्हता, नुसते झटकत होता, पाणी कुठलं. मी हात पुढं केला आणि सगळं सांगितलं. त्यानं हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "मला कशाला दाखवतीस? मला ठावं हाय की मी मारलं न्हाई."

मुलाखतीच्या दिवशी आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं निघालो. संमतीच्या कागदावर बापाची सही लागणार होती. औशाला गाडी बदलली. नव्या गाडीत समोरच्या बाकावर एक वयस्क बाई होती, तिनं माझ्या गालाकडे पाहिलं, मग बाच्या हाताकडे पाहिलं. "एवढ्या मोठ्या लेकीच्या तोंडावर हात टाकता? लाज न्हाई वाटत?" अख्ख्या गाडीनं माना वळवल्या. मी तोंड उघडलं तर बानं नुसतं डोळ्यांनी गप्प केलं. मग तो जागेवरून उठला आणि लातूरपर्यंत दांड्याला धरून उभा राहिला. त्याची जागा रिकामीच होती, कुणी बसलं नाही. त्या रिकाम्या जागेशेजारी बसून मी मनात ठरवलं की आज मला नुसतं पास व्हायचं नाही.

मुलाखती एका शाळेच्या वर्गात होत्या. टेबलामागे एक डॉक्टरबाई आणि एक साहेब. साहेबांनी माझं मार्कशीट पाहिलं, मान हलवली, मग माझ्याकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. ते डॉक्टरबाईंना हळूच पण मला ऐकू येईल असं म्हणाले, "घरून विरोध दिसतो. गेल्या खेपेला अशाच दोघी अर्ध्यातून गेल्या. जागा वाया जाते."

डॉक्टरबाईंनी विचारलं, "कुणी मारलं?"

"कुणी न्हाई, बाई."

"गालावर चार बोटं दिसतायत."

"माझीच हायत," मी म्हणाले.

आणि मग मी सांगत सुटले. साली, पिंप, पदर, रुमाल, कुठल्या बाजूला ऊन होतं ते. साहेब हसले. "लिंबानं? आम्ही रोज जेवणात घेतो." गावातलं तेच वाक्य, फक्त शुद्ध. पण या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. मी बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. "हिथं लिंबू आणि ऊन. हिथं नुसतं लिंबू, वर पट्टी बांधली होती. एकाच दिवशी लावलं, एकाच सालीचं."

डॉक्टरबाई उठल्या. माझा हात धरून मला खिडकीपाशी नेलं. आधी हात पाहिला, मग मान तिरपी करून मानेवरचा ओघळ पाहिला, झंपरच्या काठाशी बोट ठेवलं.

"हे हातावर कशासाठी केलंस?"

"खरं काय हाय ते बघायला."

त्या साहेबांकडे वळल्या. "लिंबाच्या सालीत असं द्रव्य असतं. रस अंगावर राहिला आणि वर ऊन लागलं की कातडी भाजते. मी एकदोनदा पाहिलंय. पण पेशंटनं स्वतः शोधून काढलेलं आज पहिल्यांदा पाहतेय." मग माझ्याकडे वळल्या आणि आवाज एकदम कडक झाला. "आणि गालाची कातडी एवढी कशानं निघाली?"

"सोड्यानं, बाई. शेजारणीनं सांगितलं."

"उद्या पेशंटला शेजारीण सांगेल ते औषध देणार का?"

"न्हाई," मी म्हणाले. त्या बाईंनी मला तिथंच उभं करून दहा मिनिटं झापलं. सोडा, दंतमंजन, चुना, लिंबू, घरात आहे म्हणून तोंडाला चालतं असं नसतं, पोटाला चालतं म्हणून कातडीला चालतं असंही नसतं, आणि उन्हात काम करणाऱ्या बाईनं तर लिंबाला हात लावल्यावर आधी पाणी शोधावं. ती दहा मिनिटं म्हणजे माझ्या ट्रेनिंगचा पहिला तास होता. मी नंतर ते बोलणं शेकडो बायांना जवळजवळ तसंच ऐकवलं, झापण्यासकट.

बाला आत बोलावलं. तो दाराशी वहाणा काढून आला. साहेबांनी विचारलं, मुलीला पाठवायची तुमची तयारी आहे का, अर्ध्यातून नेणार तर नाही. बा म्हणाला, "साहेब, मी हिरी खांदतो. अर्धी हीर कुणी सोडत न्हाई." आणि सही केली. दुपारी चार वाजता भिंतीवर यादी लागली. माझं नाव वरून तिसरं होतं. मी ते तीनदा वाचलं, मग बाला वाचून दाखवलं, मग एकदा मोठ्यानं, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं. त्याबद्दल मला आजही लाज वाटत नाही.

बानं गोलाईच्या बाजारात एका गाड्यावर मला सरबत पाजलं. लिंबाचं. गाडेवाल्याला म्हणाला, "साल लांब ठेव रे, पोरीचं आणि तिचं जमत न्हाई." बानं केलेला विनोद मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आम्ही दोघं दुकानाच्या सावलीत उभे राहून ते सरबत प्यालो, आणि मी हात फडक्याला पुसून घेतले.

गावात बातमी आमच्याआधी पोचली. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी कामावर गेले, ट्रेनिंग सुरू व्हायला अजून महिना होता. दुपारी पिंपापाशी सगळ्यांची ओळ लागलेली असताना बा तिथं आला. तो कधीच कामावर येत नसे, त्याची विहीर गावाच्या दुसऱ्या टोकाला. अंगभर दगडाची धूळ तशीच. तो सरळ माझ्यापाशी आला आणि सगळ्यांच्या देखत त्यानं उजवा हात माझ्या गालावर ठेवला.

गाल दिसेनासा झाला. त्याचा पंजा कानाच्या मागून हनुवटीच्या खालपर्यंत गेला. माझे चारही पट्टे त्याच्या दोन बोटांखाली झाकून गेले, आणि बाकीची बोटं तशीच उरली. तो काकूला म्हणाला, "काकू, बघा. ही बोटं या हाताची हायत का?"

त्या हाताची थप्पड बसली असती तर माझं काय झालं असतं, ते प्रत्येकाला समोर दिसत होतं. मला रडू येत होतं आणि मी रडत नव्हते, कारण तो हात इतका खरबरीत आणि इतका हलका होता की हललं तर तो निघून जाईल असं वाटत होतं.

काकू पिंपाशेजारून उठली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीवर पडलेल्या सालींकडे. "मीच दिल्या व्हत्या," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मीच दिल्या आणि मीच हसले." तिनं पायानं साली बाजूला सारल्या आणि टँकरनं नुकत्याच भरलेल्या दुसऱ्या पिंपात तांब्या बुडवला. मुकादम पुढं आला तर त्याला म्हणाली, "काप माझी हजेरी." मग माझ्याजवळ येऊन उभी राहिली, अगदी हाताच्या अंतरावर. "धू तोंड, बाय. त्या दिशी धुवायला पायजे व्हतं."

या वेळी धार उंचावरून आली नाही. तिनं तांब्या माझ्या कपाळाला टेकवूनच पाणी सोडलं, पिण्याचं, लिंबू न पिळलेलं, भरलेला तांब्या. दुष्काळाच्या त्या दोन वर्षांत मी तेवढं एकदाच पोटभर तोंड धुतलं, आणि निम्मं पाणी बाच्या बोटांवरून गेलं, कारण त्यानं हात काढला नव्हता.